मास्तरांचं मन राखण्यापुरतं

सिस्टरांनी जन्मभर उभं राहून नोकरी केली होती. त्यामुळे निवृत्तीनंतर एकच गोष्ट मनापासून करायची, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बसायचं.

त्या सरकारी दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात होत्या, आधी साध्या नर्स, मग वॉर्डच्या मुख्य सिस्टर. त्यांच्या उमेदीच्या काळात जी मेट्रन होती तिचा कायदा असा, की बसलेली नर्स म्हणजे कामचुकार नर्स. वॉर्डात खुर्ची एकच, आणि ती डॉक्टरांची. डॉक्टर दिवसातून एकदा यायचे आणि तेही उभ्याउभ्या जायचे, पण खुर्ची त्यांचीच. सिस्टरांच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या, टाचांना भेगा पडल्या, आणि निरोपाच्या समारंभात भाषणं संपेपर्यंतही त्या सवयीने उभ्याच राहिल्या. पुढे काही दिवस भावाकडे काढले. भावजय स्वभावाने चांगली होती. पण ती ओट्याशी उभी असताना आपण बसून राहायचं म्हणजे बसण्याची सगळी गोडीच जाते. मग सिस्टरांनी स्वतः होऊन ज्येष्ठांच्या निवासात खोली घेतली, येताना रुंद हातांची एक वेताची खुर्ची आणली, ती व्हरांड्यात मैदानाकडे तोंड करून मांडली आणि तीत बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. पाय सुजले, साखर वाढली, डॉक्टरांनी बजावून सांगितलं, तरी ढिम्म. ज्या बाईने पोट शिवलेल्या धडधाकट पुरुषांना दुसऱ्याच दिवशी दंडाला धरून उभं केलं होतं, ‘चाला मुकाट्याने, नाहीतर छातीत कफ साठेल’ म्हणून दम भरला होता, ती आता खुर्चीतून उठायचं म्हटलं की दोन्ही हातांवर भार टाकून असा सुस्कारा सोडायची की शेजारी बसलेले वकीलसाहेब पेपर खाली करून बघत. हे वकीलसाहेबही निवृत्त. कोर्टात जन्मभर तारखा मागून घेतलेल्या, त्यामुळे व्यायामालाही ते पुढची तारीखच मागत.

निवासाच्या मॅनेजरबाईंच्या मागे मात्र वरच्या ऑफिसने एक भूत लावून दिलं होतं. भुताचं नाव ‘सक्रिय ज्येष्ठत्व’. जेवणाच्या हॉलमध्ये भलामोठा फलक लागला : ‘चला, हला, हसा’. खाली पांढऱ्या केसांचं एक जोडपं धावताना हसत होतं. त्यांचे दात इतके शुभ्र होते की वकीलसाहेबांनी तो फोटो पुरावा म्हणून अमान्य केला. मग गाणी लावून हातपाय हलवायला शिकवणारी एक बाई येऊन गेली. तिच्यासमोर सगळे टाळ्या वाजवत बसून राहिले, आणि कार्यक्रम छान झाला असं तिला सांगितलं. मग श्वासाचे व्यायाम झाले. डोळे मिटून श्वास मोजता मोजता अख्खा हॉल झोपी गेला. शेवटी पावलं मोजणारी घड्याळं वाटली. सफाईवाल्या मावशी दिवसभर इमारतभर फिरत असतात हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मावशींच्या एकेका मनगटावर तीन-चार घड्याळं चढली, आणि महिनाअखेर वकीलसाहेब सर्वांत सक्रिय ज्येष्ठ म्हणून जाहीर झाले. त्या महिन्यातले बरेच दिवस ते सर्दीने अंथरुणात होते.

अशात एके सकाळी फाटकाशी गाडी थांबली आणि तीतून मास्तर उतरले.

शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. अंगाने काटकुळे, पाठ ताठ, पांढरी पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. बायको गेल्यावर मुलीकडे राहात होते. तिथे रोज उजाडायच्या आत गच्चीवर शिट्टी फुंकून ते बिल्डिंगला जागं करत. शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, त्या जावयाने निस्तरल्या. पण मग मास्तर बाथरूममध्ये पडले आणि दिवसभर घरात कोणी नसतं ही गोष्ट मुलीला खायला लागली. आता ती त्यांची बॅग हातात धरून मॅनेजरबाईंसमोर उभी होती, आणि मास्तर पायरीवरून हलायला तयार नव्हते.

“मला कशाला आणलंस इथे? ही म्हाताऱ्यांची जागा आहे.”

“बाबा, नुसतं बघा तरी.”

“बघितलं. चल.”

मुलीचा चेहरा असा झाला की व्हरांड्यातल्या सिस्टरांनी नजर फिरवली. मॅनेजरबाई मात्र जराही न अडखळता पुढे झाल्या.

“राहायला कोण म्हणतंय मास्तर? आम्हाला शिक्षक हवाय. हे सगळे बघा, नुसते बसून असतात. राहण्याची सोय इथेच, वर्ग रोज सकाळी.”

मास्तरांनी व्हरांड्याकडे पाहिलं. खुर्च्यांची रांग, रांगेत पोटं, पोटांवर पेपर. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती सिस्टरांना मुळीच आवडली नाही.

“फार उशीर केलात मला बोलवायला,” मास्तर म्हणाले, आणि स्वतःची बॅग स्वतः उचलून आत गेले.

दुपारी मॅनेजरबाई चहाचा कप घेऊन सिस्टरांच्या शेजारी टेकल्या. त्या स्वतः चहा घेऊन आल्या की काहीतरी गळ्यात पडणार हे ठरलेलं असायचं.

“सिस्टर, चार दिवस फक्त. मास्तरांचं मन राखण्यापुरतं. रुळले की मी त्यांना हळूच सांगेन. आज खरं कळलं तर ते परत जाणार, आणि तिकडे एकटे असताना पुन्हा पडले तर?”

“मी निवृत्त झालेय.”

“म्हणून तर तुम्हाला सांगतेय. तुम्ही उठलात तर बाकीचे उठतील.”

सिस्टरांनी चहा प्यायला आणि साफ नाही म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मैदानावर हजर. कडक इस्त्री, हात पाठीमागे. वेळ झाली तशी त्यांनी शिट्टी वाजवली. कोणी आलं नाही. थोडं थांबून पुन्हा वाजवली. मैदान मोकळं, समोर व्हरांड्यात खुर्च्या, खुर्च्यांत माणसं, आणि सगळी पेपरात तोंड घालून. मास्तर रागावले नाहीत. मोकळ्या मैदानासमोर ताठ उभे राहिले, एवढंच.

सिस्टरांनी वॉर्डात सगळ्या तऱ्हेचे पेशंट पाहिले होते. ओरडणाऱ्यांची, शिव्या देणाऱ्यांची, सलाईन उपटून पळणाऱ्यांची त्यांना कधी काळजी वाटली नाही. काळजी वाटायची ती भिंतीकडे तोंड करून झोपणाऱ्यांची. ज्याला आता आपलं कुठे काही काम नाही असं वाटतं तो भिंतीकडे वळतो, आणि एकदा वळला की औषध लागू पडत नाही. हा माणूस आज संध्याकाळी भिंतीकडे वळणार, हे त्यांना व्हरांड्यातून स्वच्छ दिसलं.

“मेलं नशीबच खोटं,” म्हणत त्यांनी दोन्ही हात टेकले आणि उठल्या. मग वकीलसाहेबांच्या हातातला पेपर काढून घेतला. “उठा. गरीब माणूस आहे. चार दिवस दया करा.”

“सिस्टर, माझी कंबर...”

“तुमची कंबर मी रोज बघते. उठा.”

अशी सुरुवात झाली. चार दिवसांचे पंधरा झाले, मग महिना झाला, मग मोजायचं कोणाला सुचलं नाही. मास्तर दयामाया न दाखवणारे निघाले. उशिरा येणाऱ्याला मैदानाची एक फेरी जादा. रांगेत बोलणाऱ्याला पुढे बोलावून एकट्याकडून कवायत. आणि सत्तरी-पंचाहत्तरीची ही माणसं, ज्यांच्यापुढे एकेकाळी ऑफिसं चळचळ कापत, ती आठवीच्या पोरांसारखी सबबी सांगू लागली. पोटात दुखतंय, बूट ओला आहे, रात्री झोपच नाही लागली. वकीलसाहेबांनी तर एकदा पायमुरगळीवर असा काही युक्तिवाद केला की मास्तर अगदी लक्षपूर्वक ऐकत राहिले, आणि शेवटी म्हणाले, “पाय कोणता?” वकीलसाहेबांनी उजवा सांगितला. “मग लंगडत होतात ते डाव्याने का?” त्या दिवशी वकीलसाहेबांनी दोन फेऱ्या मारल्या. कोर्टात इतका झटपट निकाल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला सगळे मिळून मास्तरांचं उणंदुणं काढत. मास्तर आपलं ताट लवकर आटपून निघून जात, आणि ते गेले की हॉलमध्ये कुजबुज सुरू होई. काय तो छळ, काय ती शिट्टी. पण करायचं काय, बिचाऱ्याचं मन मोडवत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याला बजावून सांगे, की मी काही व्यायाम करत नाहीये हो, मी आपलं मास्तरांसाठी करतोय. व्यायाम करणं कमीपणाचं होतं, दया करायला काही हरकत नव्हती.

शरीराला मात्र कोणी समजावलं नव्हतं की हे खोटं खोटं चाललंय. त्याने ते खरं धरलं. सिस्टरांच्या पायांची सूज उतरली. डॉक्टरांनी त्यांची एक गोळी बंद केली आणि स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. वकीलसाहेब वाकून बुटाची नाडी बांधू लागले. जिना चढताना मधल्या वळणावर ‘निसर्ग बघायला’ थांबणारे आता न थांबता वर पोचू लागले. सिस्टरांना कोणी म्हणालं, की बाई, तुम्ही तरतरीत दिसता हल्ली, तर त्या फटकन म्हणत, “हवा बदललीय इथली.” हवा होती तशीच होती.

घोटाळा झाला तो या यशामुळे. वरच्या ऑफिसातले एक साहेब पाहणीला आले, त्यांनी सकाळची रांग पाहिली आणि ते भारावून गेले. फोटो काढले, व्हिडिओ काढला. मग विचारलं, शिक्षक कोणत्या संस्थेकडून घेतलात? मॅनेजरबाईंना खरं सांगावं लागलं, आणि साहेबांचा भारावलेपणा जागच्या जागी ओसरला. निवासातला म्हातारा निवासातल्या म्हाताऱ्यांना पळवतो? कोणी पडलं तर जबाबदार कोण? आठवड्याभरात हुकूम आला. वर्ग उत्तम चालला आहे, सबब तो मास्तरांकडून काढून घ्यावा. रीतसर प्रशिक्षण घेतलेली शिक्षिका उद्यापासून रुजू होईल.

मॅनेजरबाई पुन्हा चहा घेऊन आल्या. या वेळी त्या टेकल्या नाहीत.

“माझ्याने नाही सांगवणार सिस्टर. तुम्ही सांगा. वाईट बातमी सांगायची तुम्हाला सवय आहे.”

सवय होती हे खरं. वॉर्डाच्या दाराशी उभं राहून किती जणांना काय काय सांगितलं होतं. पण तिथे ओळख नसायची. इथे त्या माणसाने आपल्याला वर्षभर रांगेत उभं केलेलं, हात कोपरातून सरळ नाही म्हणून पुढे बोलावलेलं. सिस्टर मास्तरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मग स्वतःवरच चिडल्या आणि कडी वाजवली.

मास्तर पलंगावर बसून गुडघ्याला मलम चोळत होते. गडबडीने वर दुमडलेली पँट पायावर सोडली.

“काय सिस्टर, उद्याची सुट्टी मागायला आलात? मिळणार नाही.”

सिस्टर उभ्याच राहिल्या. वाईट बातमी एका दमात सांगून टाकावी, तुकडे करू नयेत, हे त्या नव्या नर्सना शिकवत आल्या होत्या. त्यांनी एका दमात सांगितलं. उद्यापासून नवीन बाई येणार. आणि मास्तर, तुम्हाला इथे नोकरी नव्हतीच. तुम्ही आमच्यासारखेच इथे राहायला आलात. आम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मास्तरांनी मलमाच्या डबीला झाकण लावलं.

“ते मलाही माहीत होतं.”

“काय?”

“सिस्टर, पहिल्याच संध्याकाळी तुमच्याबरोबर माझंही बीपी बघितलं. माझ्या गोळ्या तुमच्याच ट्रेमध्ये आल्या. नोकरीवरच्या माणसाला कोणी रात्री दूध प्यायलात का म्हणून विचारतं? दुसऱ्याच दिवशी मी मॅनेजरबाईंना जाब विचारला. निघालोच होतो मी.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, चूक झाली, माफ करा, पण चार दिवस राहाच. ती व्हरांड्यातली सिस्टर आहे ना, तिचे पाय बघा. ती कोणाचं ऐकत नाही. आज तुमची कीव आली म्हणून पहिल्यांदा उठलीय. तुम्ही गेलात तर ती पुन्हा बसेल, आणि बसली की संपली.”

सिस्टरांना आता खरोखरच बसावंसं वाटलं, पण खोलीत खुर्चीवर मास्तरांचे कपडे होते. त्या मॅनेजरबाईने दोघांनाही एकच औषध पाजलं होतं, नुसतं बाटलीवरचं नाव बदलून. जन्मभर इतरांना गोडीगुलाबीने कडू औषधं पाजणारी आपण, आणि आपल्याच गळी कोणीतरी चमचा ओतून गेलं.

“म्हणजे तुम्ही माझी कीव करत होतात?” त्यांचा आवाज चढला.

“तुम्ही माझी करत होतात ना?”

“ती गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी?”

मास्तर हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. सिस्टर हसणार नव्हत्या, पण ओठ आवरेनात. थोडा वेळ दोघंही आपापल्या अपमानावर हसत राहिले. मग मास्तर एकदम थांबले आणि खिडकीबाहेर मैदानाकडे बघू लागले.

“नोकरी खोटी होती, ते कळत होतं मला,” ते म्हणाले. “पण सकाळी शिट्टी मारली की माणसं येत होती, ते खरं होतं. आता उद्या उठून मी काय करू, ते सांगा.”

तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांनी चादर नीट केली होती. आजही त्यांनी पलंगाची चादर एका कोपऱ्यात नीट केली आणि बाहेर आल्या. संध्याकाळी मास्तर जेवायला आले नाहीत.

सकाळी मैदानावर नवीन शिक्षिका उभी होती. फार तर बावीस-तेवीसची, निळा टी-शर्ट, हातात छोटा स्पीकर. स्पीकर चालू होत नव्हता. व्हरांड्यात सगळेजण खुर्च्यांत बसलेले. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं, पण तो संप होता. सिस्टर बसल्या होत्या म्हणून वकीलसाहेब बसले होते, वकीलसाहेब बसले होते म्हणून बाकीचे. सिस्टरांचा डोळा मात्र मास्तरांच्या दारावर होता. दार बंद होतं.

“गुड मॉर्निंग आजी, आजोबा,” पोरगी म्हणाली. “आपण सगळे उभे राहू या का?”

कोणी हललं नाही. मॅनेजरबाई सिस्टरांच्या खुर्चीमागे येऊन वाकल्या. “पहिलीच नोकरी आहे हो तिची. वर्ग भरला नाही तर...”

“पुरे,” सिस्टर मागे न बघता म्हणाल्या. “तुमचं औषध आता मला पाठ झालंय.”

दार उघडलं. मास्तर बाहेर आले. पांढरी पँट, पांढरे बूट, गळा मोकळा. व्हरांड्यातून चालत ते सिस्टरांच्या खुर्चीपाशी थांबले.

“उठा.”

“कशाला? तुमची जागा घेतलीय तिने.”

“पोरगी एकटी उभी आहे. मोकळ्या मैदानासमोर उभं राहायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे. उठा, सिस्टर.”

“मग तुम्ही पुढे जाऊन तिला सांभाळून घ्या.”

“वर्ग तिचा आहे,” मास्तर म्हणाले, आणि पायऱ्या उतरून पोरीच्या समोर, जिथे रांग सुरू होते तिथे जाऊन उभे राहिले. गेलं वर्षभर ते या मैदानावर रांगेकडे तोंड करूनच उभे राहिले होते. आज ते पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने तोंड करून उभे होते, आणि त्यांचा गुडघा किंचित वाकलेला होता. त्यांना ते लपवायचं सुचलं नाही, किंवा गरज वाटली नाही.

सिस्टर उठल्या. वकीलसाहेबांनी पेपराची घडी केली. एकेक करून रांग भरली.

पोरीने स्पीकर खाली ठेवला आणि हात वर-खाली करायला सुरुवात केली. कवायतीत आठपर्यंत मोजतात आणि पुन्हा एकपासून धरतात, एवढंच काय ते. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ,” पोरगी म्हणाली. रांगेत चुळबुळ झाली. सात कुठेतरी पडला होता आणि तिचं तिला कळलं नव्हतं. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. या माणसाने एक आकडा पुढेमागे झाला म्हणून अख्ख्या रांगेला पुन्हा पहिल्यापासून उभं केलं होतं. पोरीने रांगेच्या नजरा पाहिल्या, काहीतरी चुकलं एवढं तिला कळलं, आणि तिचे हात अर्ध्यावर थांबले.

मास्तरांनी हात वर केले आणि स्वतःच मोजायला सुरुवात केली, मैदानाच्या टोकापर्यंत जाईल अशा आपल्या जुन्या आवाजात. “एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ.”

सिस्टरांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज मिळवला. मग वकीलसाहेबांनी. तिसऱ्या फेरीला अख्खी रांग सहावरून थेट आठवर जात होती, आणि पोरगी त्यांच्याबरोबर मोजत होती.